खाऱ्या पाण्याचं इंजिन

होडीचं इंजिन आणायला मी संभाजीनगरला निघाले, तेव्हा आपल्या धक्क्यावर हसणाऱ्यांची काही कमी नव्हती. "तिकडे प्यायला पाणी नाही, होडी कुठली आली?" असं एकाने विचारलं. दुसऱ्याने वेरूळच्या लेण्यांत एखादी दगडी होडी दिसली तर तिचाही भाव काढून यायला सांगितलं. हे हसणारे म्हणजे तुम्हीच, आता हे वाचताय ते, म्हणून नावं घेत नाही.

खाडीकाठच्या माणसाला खरं तर हे समजवावं लागू नये. आपल्याकडे जुनं इंजिन म्हणजे मिठात मुरलेलं लोणचं. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पाना लावला की बोल्टचा भुगा हातात. गोड्या पाण्यात आयुष्य काढलेलं इंजिन मिळालं, तर ते जुनं असलं तरी पुष्कळ वर्षं साथ देतं, असं हे नेहमी म्हणतात. हे म्हणजे माझे यजमान. आमची तर (प्रवाशांना खाडीपार नेणारी होडी) ते चालवतात. दोरी ओढून इंजिन सुरू करायचं, प्लग साफ करायचे आणि भांडणाऱ्या उतारूंना वेगवेगळ्या फळ्यांवर बसवायचं, ही कामं माझी.

पावसाळ्यानंतर आमचं इंजिन जे बसलं ते उठलंच नाही. हे हट्टाने वल्ह्यांवर तर चालवत राहिले आणि शेवटी खांदा निखळवून घेतला. पनवेलच्या दिरांनी गोदामावर राखणदाराची नोकरी बघून ठेवली. मग एका संध्याकाळी ह्यांनी डाव्या हाताने एका फळीवर 'होडी विकणे आहे' असं रंगवलं आणि फळी भिंतीकडे तोंड करून उभी केली. "तू बघून ये. चांगलं असलं तर आण. नसलं तर ही फळी उलटी करतो," म्हणाले. गळ्यात हात अडकवलेल्या माणसाशी मी वाद घातला नाही, आणि हे माझ्या स्वभावात बसत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

इंजिनाचा पत्ता धरणातली मासळी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने दिला होता. संभाजीनगरच्या गारखेड्यात भागवतराव नावाचे एक शेतकरी आहेत, त्यांचं इंजिन जायकवाडीच्या धरणात चालायचं, आता ते विकायचं आहे. फोनवर भाव ठरला. राहिलं होतं ते फक्त इंजिन डोळ्यांनी बघणं. तुम्ही कोणी केलं असतं की नाही माहीत नाही, मी मात्र न बघता कोथिंबिरीची जुडीही घेत नाही.

पुण्यात गाडी बदलून सकाळी संभाजीनगरला उतरले. पहिली जाणीव झाली ती नाकाला. हवेत ओलावा नाही, मासळीचा वास नाही, केसांना चिकटपणा नाही. स्टँडवरचा चहा गोडमिट्ट होता आणि पोह्यांवर शेंगदाणे मुक्त हस्ताने टाकलेले होते. पोटात भर पडल्यावर मी रिक्षा धरली. रिक्षावाल्याचं नाव रफिकभाई. दाढीला मेंदी, बोलण्यात निम्मं मराठी आणि निम्मं दख्खनी.

"सामान कुछ नहीं, बाई?"

"आत्ता नाही. परत येताना असेल. होडीचं इंजिन."

त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा बघितलं. "होडीचं? इथं तर हफ्त्यातून एकदा नळ येतो, बाई. लोकां ड्रम लेके खडे रहते. होडी कोण चालवणार?"

आणि खरंच, क्रांती चौक मागे टाकून उस्मानपुऱ्यातून जाताना मला जिकडेतिकडे निळे ड्रम दिसत होते. दारात ड्रम, जिन्याखाली ड्रम, गच्चीवर काळ्या टाक्या. आपल्याकडे जशी प्रत्येक घरापुढे तुळस असते तसा इथे ड्रम. रफिकभाईंना नवल इतकं वाटलं, की इंजिन बघून होईपर्यंत कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबतो, मलाही बघू द्या, असं तेच म्हणाले.

भागवतराव अंगणातच उभे होते. उंच, वाळलेले, पांढरी टोपी, पायजमा. त्यांच्या पत्नी कांताबाई गुडघे धरत बाहेर आल्या आणि माठातून तांब्या भरून दिला. "गोडं पाणी हाय, घ्या. लई लांबून आलात." मी पाणी प्यायले. आपल्याकडेही विहिरीच्या पाण्याला गोडंच म्हणतात, तेव्हा त्या शब्दाकडे माझं लक्ष गेलं नाही. जायला हवं होतं.

इंजिन मागच्या पत्र्याच्या खोलीत होतं. लाकडी घोडीवर टांगलेलं, त्याच्यावर वाकळ (गोधडी) पांघरलेली. भागवतरावांनी वाकळ हळूच बाजूला केली आणि मला ते इंजिन पाहताक्षणीच आवडलं. पण आवडलं हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नसतं, म्हणून मी तोंड वाकडं करून पदर खोचला.

आधी पंखा हाताने फिरवला. पाती कुठे चेपलेली नव्हती. खालच्या गिअरचा स्क्रू सैल करून तेलाचा थेंब बोटावर घेतला. तेलात पाणी शिरलं असलं की ते ताकासारखं पांढरं होतं. हे स्वच्छ होतं. प्लग काढले, ते कोरडे आणि तपकिरी. होडीच्या फळीला आवळायचे पकडीचे स्क्रू आपल्याकडे हातोडीशिवाय हलत नाहीत, इथे दोन बोटांनी फिरले. दोरी सावकाश ओढली तर आतून चांगला दाब लागला. मनातल्या मनात मी ती भिंतीकडची फळी चुलीत घालून मोकळी झाले होते.

"सुरू करून बघू," मी म्हणाले.

भागवतरावांनी घोडीखाली पाण्याने भरलेला मोठा ड्रम सरकवला, इंजिनाचा खालचा भाग त्यात बुडवला. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं. आवाज एकसारखा, कुठे अडखळ नाही. पण इंजिन थंड करून पाणी मागच्या भोकातून बाहेर पडतं, ती धार काही नीट पडेना. करंगळीएवढी पडायला हवी, ती वातीएवढी पडत होती, मध्येच तुटत होती. मी इंजिन बंद केलं आणि खाली वाकून बघितलं. भोकाच्या तोंडाशी पांढरा थर होता. नखाने खरवडला तर खडीसारखा टणक. पाणी आत खेचणाऱ्या जाळीवरही तसाच थर.

हा पांढरा थर मी जन्मभर बघत आले आहे. आमचं इंजिन त्यानेच मारलं.

"भागवतराव, हे गोड्या पाण्यातच चालवलेलं आहे ना?" माझा आवाज आधीच चढला होता.

"गोड्या पाण्यात? नाय बा. धरणात होतं तवा धरणात. इकडं आणल्यापून खाऱ्या पाण्यातच चालवतो."

"खाऱ्या पाण्यात?"

"व्हय. लई दिस झाले आता. दर महिन्याला चालवतो. गोडं कोण घालील इंजिनाला?"

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मला झोंबलंच. त्यातून आल्या आल्या चहा देताना कांताबाईंनी धाकटा मुलगा उरणला नोकरीला असल्याचं सांगितलं होतं. उरण म्हणजे समुद्र. माझ्या डोक्यात चित्र पुरं झालं: मुलाने इंजिन तिकडे नेलं, समुद्रात हवं तितकं हाकलं, आणि आता जायकवाडीचं म्हणून माझ्या गळ्यात मारायला परत आणून वाकळ पांघरली.

"खाऱ्या पाण्याची इंजिनं आमच्याकडे पैशाला पासरी पडली आहेत. त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नव्हती. फोनवरच सांगितलं असतं तर माझी खेप वाचली असती."

"बाई, तुमी विचारलंच नाय. आन इथं कोणबी असतं तरी खाऱ्यातच चालवलं असतं," भागवतराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून.

मी पिशवी उचलली आणि निघाले. कांताबाई "जेवून तरी जा" म्हणत फाटकापर्यंत आल्या. मी मागे वळून बघितलं नाही.

रफिकभाईंनी माझं तोंड बघून रिक्षा सुरू केली. स्टँडच्या दिशेला लागल्यावर म्हणाले, "गाडी तर संध्याकाळची ना, बाई? स्टँडवर बसून काय करणार? वेरूळ पाहून या. दिल हलका हो जाता." मला बरं वाटून घ्यायचंच नव्हतं, पण ह्यांचा फोन येत होता आणि तो उचलायची माझी हिंमत नव्हती. फोन न उचलायला काहीतरी सबब हवी होती. मी वेरूळच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये जाऊन बसले.

रस्ता चांगला आहे. दौलताबादचा किल्ला आधी नुसता सुळक्यासारखा दिसतो आणि मग जवळ येत येत अंगावर येतो. किल्ल्याच्या पायथ्याशी बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. जीपमधल्या एका म्हातारबाबांनी पाटी घेतली आणि सगळ्यांना एकेक फळ वाटलं, मलाही. पुढे खुलताबादचा घाट, उतरणीवर वाळलेलं सोनेरी गवत, वर निळं आभाळ. एरवी मी दहा वेळा "बघा, बघा" म्हणाले असते. त्या दिवशी मला सगळीकडे ती भिंतीकडची फळी दिसत होती. हे राखणदाराचा गणवेश घालून गोदामापुढे खुर्चीवर बसलेत, पाण्यापासून लांब, असं काहीतरी डोळ्यांपुढे येत होतं आणि रडू येत होतं. सीताफळ खाता खाता रडलं तर बिया गिळल्या जातात, म्हणून रडले नाही.

वेरूळला उतरून लेण्यांच्या फाटकाशी गेले, तर फाटक बंद. पहारेकरी सावलीत खुर्ची टाकून बसला होता.

"मंगळवार हाय आज. मंगळवारी लेण्या बंद असतात," तो म्हणाला.

"मी कोकणातून आलेय हो."

"मंग बुधवारी यायचं." त्याने हे अगदी सद्भावनेने सांगितलं. अवघ्या जगातून लोक जे बघायला येतात त्याच्या फाटकाला हात लावून परतणारी मी एकटीच असेन. फाटकाच्या पट्ट्यांमधून डोंगराचा काळा कातळ तेवढा दिसला. घृष्णेश्वराच्या देवळात जाऊन हात जोडले. देवाकडे काय मागावं ते सुचेना. इंजिन मागावं म्हटलं तर इंजिन बघून टाकून आलेली मीच.

देवळाजवळच्या एका खानावळीत जेवायला शिरले. खानावळ चालवणाऱ्या बाईंनी येसर आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी), ज्वारीची भाकरी आणि ठेचा असं ताट मांडलं. मी हात धुवायला मागच्या नळावर गेले. साबण घासते तर फेसच येईना. हात धुऊन ओंजळ तोंडाकडे नेली, इतक्यात आतून बाई ओरडल्या.

"अवो, पिऊ नका ते. खारं हाय. गोडं पाणी माठात हाय."

"खारं? इथे समुद्र कुठून आला?"

"समुद्र कशाला येतोय इथं? बोरचं पाणी हाय. आमच्याकडं बोरच्या पाण्याला खारंच म्हणत्यात. धुण्याभांड्याला खारं, प्यायला गोडं."

मी ती ओंजळ तोंडात घेतली. जिभेवर जडसर लागली, खडूसारखी, पण मिठाचा मागमूस नाही. मग मी नळाकडे नीट बघितलं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर होता, टणक, खडीसारखा. नखाने एक कपची काढली आणि खानावळीच्या बाईंसमोर ती जिभेवर ठेवली. खारट नव्हती. आपल्या इंजिनांवरचा थर जिभेला लावा, नुसतं मीठ. हा निव्वळ चुना.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला मात्र अर्धा दिवस गेला. गारखेड्यात भागवतरावांनी इंजिन खाऱ्या पाण्यात चालवलं होतं, म्हणजे घरच्या बोरच्या पाण्यात. जिथे प्यायचं पाणी हफ्त्यातून एकदा येतं तिथे ड्रमभर गोडं पाणी इंजिनाला कोण घालील? ते मला खरं तेच सांगत होते, आणि मी त्यांना उरणच्या समुद्रात लोटून मोकळी झाले होते.

"काय झालं बाई? बरं वाटंना का?" खानावळीच्या बाई घाबरल्या होत्या.

"फार बरं वाटतंय," मी म्हणाले, आणि ताटातली भाकरी कागदात बांधून घेऊन जीपकडे पळाले.

ऊन उतरता उतरता मी पुन्हा गारखेड्यात होते. रफिकभाईंना स्टँडवरून बरोबर घेतलं होतं, कारण एकटीने जायची लाज वाटत होती. भागवतराव दारात आले. "या" म्हणाले, पण सकाळच्या "या"मध्ये आणि ह्यात फरक होता.

मी सरळ मागे गेले, वाकळ सारली, जाळीवरचा थर नखाने खरवडला आणि बोट जिभेला लावलं.

"काय करताय बाई?" भागवतराव दचकून म्हणाले.

"मीठ नाही," मी म्हणाले. "भागवतराव, माझं चुकलं. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे समुद्राचं. मला वाटलं, तुमच्या मुलाने इंजिन उरणला समुद्रात चालवलं."

कांताबाईंना हसू फुटलं. गुडघे धरून त्या खाली बसल्याच. "अवो, मला बोटीत बसायला लावलं तर यांच्या दंडाला धरून डोळे झाकून बसत व्हते मी. समुद्रात कुठं जातोय आमी!"

"मी उभ्या जन्मात समुद्र पाह्यला नाय," भागवतराव म्हणाले. "पोरगा फोनवर दावतो तेवढाच." त्यांचा राग उतरला होता, तरी थोडं रुसणं बाकी होतं. "मला वाटलं, ह्यांला आमच्या घरचं पाणीबी चालंना."

चहा पुन्हा झाला आणि इंजिनाची हकीगत तेव्हा कळली. धरण झालं त्यात त्यांच्या वडिलांची बरीच जमीन पाण्याखाली गेली. उरलेला तुकडा पाण्याच्या पल्याड राहिला. पाऊसकाळ चांगला झाला की रस्ता बुडायचा आणि शेतावर जायला होडीच. खत, बियाणं, कापूस, सगळं होडीतून. पुढे कांताबाईंचे गुडघे गेले, थोरल्या मुलाने गारखेड्यात घर घेतलं, शेत भावकीला वाट्याने दिलं. इंजिन मात्र भागवतरावांनी बरोबर आणलं.

"बंद ठेवलं का मरतं ते. म्हनून महिन्याला एकदा ड्रममधी चालवायचो. पंपाला लावायला दोघातिघांनी मागितलं. नाय दिलं. पाण्यावरचं हाय ते. तुमी होडीला लावनार म्हनलात म्हनून व्हय म्हनलो."

ज्या पाण्याने इंजिन जिवंत राहावं म्हणून ते धडपडत होते, त्याच पाण्याने त्याच्या पोटात चुना भरत होता. मीठ धातू खातं, त्यावर इलाज नाही. चुना नुसता बसतो. तो काढायचा कसा, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे ही वेळच येत नाही.

"लिंबूसत्त," कांताबाई म्हणाल्या. "कूलरची जाळी आन बाथरूमची तोटी मी त्यानंच काढते."

रफिकभाई कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून लिंबूसत्व घेऊन आले. कोमट पाण्यात ते विरघळवलं, इंजिनाचा खालचा भाग त्यात बुडवला आणि थोडं थोडं चालवत, थांबत, पुन्हा चालवत बसलो. आधी धारेतून पांढुरकं पाणी आलं, मग खडूच्या कण्या. मग धार एकाएकी मोकळी झाली आणि पत्र्याच्या भिंतीवर जाऊन आदळली. रफिकभाईंचा सदरा भिजला. "या अल्ला, हमकू कायकू नहलाया," म्हणत ते हसत राहिले.

मी तिथेच ह्यांना फोन लावला. "धार करंगळीएवढी आहे," एवढंच सांगितलं. "नीट बघितलंस ना?" पलीकडून ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चाटून बघितलंय."

"ड्रममधी पळतं ते खरं नाय," भागवतराव म्हणाले. "पाण्यावर ओझं घेऊन पळलं तर घ्या." त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिले आणि सकाळी त्यांच्या पुतण्याच्या टेम्पोतून आम्ही इंजिनासकट जायकवाडीच्या काठाला गेलो. काठावरच्या एका ओळखीच्या भोयाची (मासेमारी करणाऱ्या जमातीतला माणूस) होडी मागून घेतली.

त्या पाण्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. मी समुद्राकाठची, पण मलाही क्षणभर समुद्रच वाटला. फक्त भरती-ओहोटीचा श्वास नाही आणि वास पावसासारखा. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात कुणीकुणी हरभरा टाकला होता, आणि लांब उथळ पाण्यात गुलाबी-पांढरे पक्षी रांगेने उभे होते. कांताबाई काठावरच थांबल्या. मी, भागवतराव, भोई आणि रफिकभाई, जे त्या दिवशी रिक्षा बंद ठेवून आले होते, असे चौघे बसलो. वर ओझं म्हणून वाळूची पोती घेतली. इंजिन पहिल्या ओढीला लागलं. पुरती गती दिली, वळवलं, थांबवलं, उलटं घेतलं. कुठे दमलं नाही, कुठे तापलं नाही. धार शेवटपर्यंत एकसारखी पडत राहिली.

परतताना सुकाणू मी भागवतरावांच्या हातात दिलं. त्यांनी काठाकडे न नेता होडी पाण्यातल्या एका बाभळीच्या खोडाला वळसा घालून आणली. "इथं आमची विहीर व्हती," ते म्हणाले. "लई गोडं पाणी."

निघताना कांताबाईंनी इंजिन त्याच वाकळेत गुंडाळून दिलं, वर माझ्यासाठी धपाटे (मसाला घालून थापलेल्या भाकऱ्या) बांधले. स्टँडवर कंडक्टरने गाठोडं चाचपून विचारलं, "काय आहे?"

"इंजिन."

"कशाचं?"

"होडीचं."

"संभाजीनगरहून होडीचं इंजिन," तो स्वतःशीच म्हणाला. टाकी रिकामी आहे ना हे हुंगून बघितलं आणि मागच्या बाकाखाली जागा करून दिली. पुण्यापर्यंत निम्मी गाडी मला जायकवाडीबद्दल विचारत होती आणि निम्मी धपाटे खात होती.

आता घरचं. इंजिन लावायला घेतलं तर आपल्या होडीची मागची फळी पातळ पडली, पकड आवळूनही घट्ट बसेना. मध्ये भर द्यायला एखादी जाड फळी हवी होती. ह्यांनी घरभर नजर फिरवली, भिंतीकडे तोंड करून उभी असलेली फळी उचलली आणि माझ्याकडे न बघता करवत मागितली. रंगवलेली बाजू आत घालून ती आता इंजिनाच्या पकडीखाली बसली आहे. खांदा पुरता भरलेला नाही, पण सुकाणूला डावा हात पुरतो. पनवेलला कोणी जाणार नाही. हसणारे सगळे तरीतून येजा करताहेत आणि धार किती मोठी पडते त्याचं कौतुक करताहेत, हेही इथे नोंदवून ठेवते.

शहर नीट पाहिलं नाही, वेरूळला जाऊन लेणी पाहिली नाहीत. तरी एवढा चांगला प्रवास मी केलेला नाही. ज्या शब्दाशी जन्मभर घसट, तोच शब्द दुसऱ्याच्या अंगणात वेगळा निघतो, आणि तेवढ्यावरून मी एक भला माणूस चोर ठरवून आले होते. ह्यांना घेऊन पुन्हा जायचं आहे. मंगळवार सोडून.

पहिल्या खेपेनंतर भागवतरावांना फोन लावला आणि इंजिनाजवळ धरला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "फळी मजबूत हाय ना? न्हाय तर धक्क्यानं निसटतं."

"मजबूत आहे. आता हलायची नाही."

"आन समुद्राचं पाणी बाधलं तर?"

"रोज शेवटच्या खेपेनंतर धुते. विहिरीवरून आणून, बादल्या बादल्या गोडं पाणी घालते आतून बाहेरून."

पलीकडे भागवतरावांनी ते कांताबाईंना मोठ्याने सांगितलेलं मला ऐकू आलं. मग ते पुन्हा फोनवर आले. "रोज गोड्या पाण्यानं अंघोळ," ते म्हणाले. "बाई, आमच्या इंजिनाचं नशीब निघालं."